शिवाजीनगरहून मिरजेला : तंबोऱ्याच्या गावी

शिवाजीनगर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आधी पुणे उभे राहते. पण कर्नाटकाच्या राजधानीतही एक शिवाजीनगर आहे, आणि तेही गजबजाटात कुणाला हार जाणारे नाही. बंगळूरच्या जुन्या छावणीचा हा भाग. इंग्रजांनी १८०९ साली बंगळूरला लष्करी छावणी वसवली, आणि छावणीला लागणारे भाजीवाले, खाटीक, शिंपी, सुतार, धोबी असे सारे लोक जिथे येऊन राहिले ती वस्ती पुढे ब्लॅकपल्ली म्हणून ओळखली जाऊ लागली. तेच आजचे शिवाजीनगर. १९२७ साली उभारलेली रसेल मार्केटची देखणी इमारत, तिच्यासमोरचा चौक, जवळच उंच मनोऱ्याची सेंट मेरी बॅसिलिका, थोड्या अंतरावर कमर्शियल स्ट्रीटची खरेदीची झुंबड आणि दिवसभर धूर सोडत उभा असलेला मोठा बसतळ. इथे तमिळ, उर्दू, कन्नड आणि इंग्रजी एकाच वाक्यात नांदतात. ८ सप्टेंबरला मारियामातेच्या उत्सवाला भगवी वस्त्रे नेसून येणाऱ्या भाविकांचा इथे महापूर लोटतो.

नावापलीकडेही मराठी माणसाचे या शहराशी जुने नाते आहे. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे इथूनच पुढे तंजावरला गेले, आणि तिथे मराठ्यांची गादी एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. तंजावर म्हणजे वीणा आणि तंबोऱ्याचे माहेरघर. तेव्हा बंगळूर, मराठी माणूस आणि तारेचे वाद्य हा त्रिकोण काही आजकालचा नाही.

छावणीमुळे या भागात पाश्चात्त्य सूरही लवकर रुजले. चर्चमधली सामुदायिक गाणी, लष्करी बँड, मग घराघरांतली गिटार. अलीकडे तिच्या जोडीला आणखी एक चिमुकले वाद्य आले आहे. चार तारांचे, काखेत सहज मावणारे, शाळकरी मुलांच्या बोटांना झेपणारे. त्याचे नाव युकुलेले.

दोन फळ्यांमधले गुपित

युकुलेले हवाई बेटांचे, असे आपण समजतो. पण त्याचे आजोळ पोर्तुगालच्या मदेरा बेटावर आहे. २३ ऑगस्ट १८७९ रोजी रॅव्हन्सक्रॅग नावाचे जहाज मदेराहून उसाच्या मळ्यांत काम करणारी माणसे घेऊन होनोलुलूला लागले. त्यात मान्युएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन लाकूडकाम जाणणारे कारागीर होते. त्यांनी आपल्याकडच्या लहान गिटारीला तिथल्या कोआ नावाच्या झाडाचे लाकूड लावले आणि नवे वाद्य जन्माला आले. हवाईचा राजा कालाकाउआ याने ते उचलून धरले आणि मग ते जगभर गेले.

हाताने युकुलेले घडवताना सगळा जीव दोनच गोष्टींत असतो : वरची फळी आणि पाठीची फळी. कारागीर एकच लाकूड उभे चिरून त्याचे दोन पातळ तुकडे करतो आणि पुस्तकाची पाने उघडावीत तसे ते शेजारी शेजारी उघडतो. त्यामुळे लाकडाच्या रेषा डावी-उजवीकडे आरशातल्यासारख्या जुळतात. मधोमध सांधा चिकटवला की रंधा घेऊन ती फळी साधारण दोन मिलीमीटरपर्यंत पातळ करत आणायची. मग आतून बारीक पट्ट्यांचा आधार द्यायचा. फळी जाड राहिली तर वाद्य मुके होते. फार पातळ झाली तर तारांच्या ओढीने खचते. या दोन टोकांच्या मधली जागा मापपट्टीला सापडत नाही. कारागीर फळी बोटांत धरतो, टिचकी मारतो, कान देतो आणि मग पुन्हा रंधा उचलतो.

हे काम हाताने करणारी माणसे आपल्या देशात मोजकीच. पण तारवाद्याची वरची फळी आणि पाठ हाताने घडवणारे एक सबंध गाव आपल्या महाराष्ट्रात आहे, हे पुष्कळ वाचकांना ऐकून माहीत असेल. प्रत्यक्ष जाऊन पाहिलेले थोडेच असतील. ते गाव म्हणजे मिरज. तिथे वरच्या फळीला ‘तबली’ म्हणतात, आणि पाठ लाकडाची नसतेच. ती शेतात वेलीवर पिकते!

सुरांच्या वाटेवरची गाडी

बंगळूरहून मिरजेला जाण्याची सोय राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने होते. रात्री गाडीत बसावे आणि दुसऱ्या दिवशी मिरज-सांगलीला उतरावे. पण ही वाट डोळे मिटून काढण्यासारखी नाही. गाडी हुबळी-धारवाडवरून जाते. म्हणजे गंगूबाई हनगल आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गावांवरून. हुबळीपासून जवळच सवाई गंधर्वांचे कुंदगोळ. पुढे बेळगाव, घटप्रभा, कुडची. कुडची सोडले की कृष्णेचे रुंद पात्र लागते, दोन्ही बाजूंना उसाचे हिरवे गालिचे दिसू लागतात आणि फलाटावरच्या पाट्यांवर कन्नडच्या जागी मराठी येते.

ज्या पट्ट्यातून ही गाडी धावते त्या पट्ट्याने हिंदुस्थानी संगीताला गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जितके गायक दिले, तितके क्वचितच दुसऱ्या कुठल्या भागाने दिले असतील. यातल्या बहुतेकांच्या मागे जो तंबोरा झंकारत होता, तो मिरजेचा. एका टोकाला गाणारे गळे आणि दुसऱ्या टोकाला त्यांना आधार देणारे वाद्य, अशी ही वाट आहे.

मिरज तसे अनेक कारणांनी प्रसिद्ध. मोठे रेल्वे जंक्शन. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू केलेल्या रुग्णालयामुळे औषधोपचाराचे गाव म्हणूनही लांबलांबचे लोक येथे येतात. पण गाण्याच्या माणसाला मिरज माहीत असते ते दोन ठिकाणांसाठी. एक म्हणजे हजरत ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आणि दुसरी म्हणजे सतारमेकर मंडळींची गल्ली.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि १९३७ साली दक्षिणेत प्रवासात त्यांचे निधन झाल्यावर त्यांना याच दर्ग्याच्या आवारात चिरविश्रांती मिळाली. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी दर्ग्यात संगीत सभा भरते; तिथे गायला मिळणे हा मान समजला जातो. खाँसाहेबांचा सुरांबाबतचा काटेकोरपणा तर दंतकथाच झाला आहे. तंबोरा मनासारखा लागल्याशिवाय ते तोंड उघडत नसत, आणि वाद्यांची दुरुस्ती करण्यातही ते स्वतः वाकबगार होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींवर अभ्यास करत होते, तेव्हा त्यांनी खाँसाहेबांच्याच गळ्याचा आधार घेतला. अशा कानाचा माणूस ज्या गावात राहतो, त्या गावच्या कारागिराला हयगय करून कसे चालेल?

तलवारीकडून सतारीकडे

या गल्लीचा इतिहास मोठा बोलका आहे. हे लोक मुळात शिकलगार. तलवारी, भाले आणि बर्च्या घडवणे, त्यांना धार लावणे हा त्यांचा पिढीजात धंदा. मराठ्यांची राज्ये गेली आणि इंग्रजी अंमल आला, तशी तलवार म्यानात गेली ती गेलीच. धार लावायला शस्त्रेच राहिली नाहीत. कसबी हातांना काम उरले नाही.

मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड होती. त्यांच्या दरबारी उत्तरेकडचे गायक-वादक येत. त्यांची वाद्ये प्रवासात मोडत, आणि दुरुस्त करायला जवळपास कोणी नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब नावाच्या शिकलगार कारागिराने ती दुरुस्ती हाती घेतली. मोडलेले वाद्य उघडले की त्याचे अंतरंग दिसते. ते पाहत पाहत त्यांनी नवे वाद्य बनवायला सुरुवात केली. फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू मोहिनुद्दीन यांच्यापासून हा वंशवृक्ष फोफावला. पोलादाची सवय असलेले हात लाकडाला आणि भोपळ्याला सरावले. पुढे शिकलगार हे नाव मागे पडून ‘सतारमेकर’ हेच आडनाव झाले. धंदा बुडाला म्हणून हातावर हात ठेवून न बसता कारागिरीलाच नवी वाट दाखवणाऱ्या या कुटुंबांची सहावी-सातवी पिढी आज त्याच गल्लीत काम करते आहे.

त्या गल्लीत शिरले की पहिल्यांदा नजरेत भरतात ते भोपळे. दारात, माळ्यावर, छताला टांगलेले, एकावर एक रचलेले. कुठे बसून कोणी दांडी कोरतो आहे, कोणी पानांची नक्षी काढतो आहे, कोणी रंगाचा हात फिरवतो आहे. आणि मधूनच आतल्या खोलीतून एखाद्या तारेचा दीर्घ, गोल नाद कानी येतो.

वेलीवर पिकणारी पाठ

तंबोऱ्याचा भोपळा आपल्या भाजीचा नव्हे. हा कडू दुध्या भोपळ्याच्या जातीचा. खाण्याच्या कामाचा नाही, पण वाळल्यावर कवच लाकडासारखे टणक आणि तरीही हलके. गंमत अशी की, हवाई बेटांवर ‘इपू’ नावाचे जे तालवाद्य हुला नृत्याच्या साथीला वाजते, तेही याच जातीच्या भोपळ्याचे असते. युकुलेलेच्या देशाला आणि मिरजेला जोडणारी ही वेल अशी सातासमुद्रांपार पसरलेली आहे.

मिरजेत मात्र भोपळा पिकत नाही. तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमेच्या काठच्या शिवारातून. चंद्रभागेच्या वाळवंटात टाळ-वीणेचा गजर आणि तिच्याच काठी वीणेसाठी भोपळा, हा योगायोग मोठा सुंदर आहे. पण हे पीक सोपे नाही. फळ वेलीवरच पूर्ण जून व्हावे लागते, म्हणजे शेत महिनोन्‌महिने अडकते. फळ एका बाजूला कलंडून वाढले तर घाट बिघडतो. म्हणून ते वाढत असताना सरळ बसते आहे ना, हे पाहावे लागते. जमिनीच्या ओलीने कुजू नये, किडीने पोखरू नये, गारपिटीने फुटू नये, ही काळजी वेगळीच. पुरुष गायकाच्या मोठ्या तंबोऱ्याला पन्नास इंचांच्या आसपास घेराचा भोपळा लागतो. स्त्रियांच्या तंबोऱ्याला त्याहून लहान. शेकडो फळांतून घेर, उंची, कवचाची जाडी आणि डौल असे सारे जमलेले फळ हाती लागते.

काढणीनंतर भोपळे वाळत ठेवायचे. कारागीर त्यांतला एक निवडतो, वाजवून बघतो, मग त्याचे तोंड कापतो. कापलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ केला जातो आणि आतला वाळका गर व बिया खरवडून काढल्या जातात. ओल्या कवचाचे तोंड मागेपुढे होते. ते हवे तेवढे गोल राहावे म्हणून आत बांबूच्या काड्यांचा ताण देऊन पुन्हा वाळवतात. विळ्या-भोपळ्याचे वैर आपण बोलण्यात वापरतो. इथे पाते आणि भोपळा यांचे सात जन्मांचे सख्य आहे.

युकुलेलेची पाठ कारागिराला घडवावी लागते. फळी रंधावी लागते, किंचित बाक द्यावा लागतो, आतून पट्ट्या लावाव्या लागतात. तंबोऱ्याची पाठ निसर्ग घडवतो. सांधा नाही, जोड नाही, ठोकळा नाही. एकसंध घुमट. कारागिराचे काम एवढेच, की त्या घुमटाला बिघडवायचे नाही. ऐकायला ते सोपे वाटते. करताना पिढ्यांचा अनुभव पणाला लागतो.

दक्षिणेकडे, म्हणजे तंजावर आणि बंगळूरच्या कर्नाटक संगीतात मात्र रीत वेगळी. तिथे तंबोऱ्याचा पाठीचा भाग फणसाच्या लाकडातून कोरून काढतात. तो वजनाला जड आणि आवाजाला वेगळा. एकच वाद्य, पण एका प्रांतात त्याची पाठ झाडाच्या खोडातून येते आणि दुसऱ्या प्रांतात वेलीवरच्या फळातून.

तबलीची परीक्षा

भोपळा तयार झाला की त्याला लाकडी गळा जोडायचा आणि गळ्याला पोकळ दांडी. यासाठी तून नावाच्या झाडाचे लाकूड वापरतात. व्यवहारात त्याला लाल देवदारही म्हणतात, पण देवदाराशी त्याचे नाते नाही. ते आपल्या कडुनिंबाच्या कुळातले. हलके, तांबूस, किंचित सुवासाचे, आणि कीड सहसा त्याच्या वाटेला जात नाही. मिरजेला हे लाकूड कर्नाटकातून येते. ओले लाकूड घेऊन भागत नाही. ते चांगले मुरावे लागते. घाईने केलेले वाद्य पुढच्या उन्हाळ्यात आपली घाई उघडी पाडते.

आता येते तबली. भोपळ्याच्या उघड्या तोंडावर बसणारे हे लाकडी झाकण सपाट नसते. ते बाहेरून हलके फुगीर आणि आतून कोरलेले असते. जाड फळी घ्यायची, बाहेरून घाट द्यायचा, मग उलटी करून आतून तासत जायचे. गिटार किंवा युकुलेलेसारखे मोठे गोल भोक तंबोऱ्याच्या तबलीला नसते. आवाज बाहेर पडतो तो तबलीच्या थरथरीतूनच. म्हणून तिच्या जाडीला इतके महत्त्व. तबलीवर मधोमध घोडी बसणार, घोडीवरून चार धातूच्या तारा जाणार, आणि त्या ताणाचा दाब रात्रंदिवस तबलीला सोसायचा. नुसत्या सपाट पातळ फळीने तो दाब फार काळ पेलला नसता. फुगीर आकारामुळे कमानीला जे बळ असते, ते तिला मिळते. देवळाचा घुमट आणि तंबोऱ्याची तबली यांचे शास्त्र एकच.

इथेही प्रश्न तोच : किती तासायचे? जास्त जाड ठेवली तर तंबोरा टिकेल, पण बोलणार नाही. जास्त पातळ केली तर पहिल्या वर्षी टाळ्या घेईल आणि दोन-चार वर्षांत बसेल. जाणता कारागीर तासताना मधूनमधून बोटाच्या पेराने तबली वाजवतो. कडेला नाद कसा, मध्यावर कसा, हे कान सांगतो. भोपळा आणि तबली एकमेकांना मानवले पाहिजेत. मोठ्या, जाड भोपळ्याला हलकी तबली किंवा नाजूक भोपळ्याला जड तबली लावली, तर ते लग्न टिकत नाही.

तबली सरसाने चिकटवतात. मग सांध्यांवर लाकडी पानांची नक्षी, कडेने पांढरी पट्टी, वेलबुट्टी आणि शेवटी लाखेच्या पॉलिशचे हात. पूर्वी नक्षीला हस्तिदंत वापरत. आता ते कायद्याने बंद झाले आणि त्याची जागा इतर पदार्थांनी घेतली. वर खुंट्या, खाली सूक्ष्म सूर मिळवण्यासाठी मणी. पण अजून वाद्य पुरे झालेले नसते. आता त्याला वाचा फोडायची असते.

एक सुताचा धागा

तंबोऱ्याची घोडी धारदार नसते, पसरट असते. तिचा पृष्ठभाग अगदी किंचित उतरता असतो. तार त्या उतारावर जवळजवळ टेकलेली असते, आणि छेडली की त्या पृष्ठभागाला हलकेच घासत थरथरते. हा उतार कानसेने घासून घासून जुळवणे म्हणजे जवारी काढणे. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवायचा. धागा केसभर पुढे, केसभर मागे करता करता एका ठिकाणी तार अचानक ‘उघडते’. एका सुरातून अनेक सुरांचे कारंजे उडते. सा लावला असताना त्यातून गंधार ऐकू येऊ लागतो, ही गायकांची नेहमीची साक्ष त्याच कारंज्याची.

हे गुपित शास्त्रज्ञांनाही भुरळ घालून गेले. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तारवाद्यांवर एक निबंध लिहिला. साध्या तारेच्या नियमाप्रमाणे तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे ज्या उपसुरांचा स्थिर बिंदू येतो ते उपसूर ऐकू येता कामा नयेत. पण तंबोरा आणि वीणेत तेही खणखणीत वाजतात, हे रामन यांनी दाखवले आणि त्याचे श्रेय या पसरट घोडीला दिले. जे मिरजेचा कारागीर कानाने करत होता ते शास्त्राच्या पुस्तकात नोंदले गेले. पुढे १९३० साली रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९३३ साली ते बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून आले ते कायमचेच.

बंगळूरची पेटी, मिरजेचा भोपळा

आणि याच बंगळूरने मिरजेपुढे एक पेचही टाकला. १९७९ साली बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. ते स्वतः अभियंता आणि बासरीवादक. त्यांच्या ‘रेडेल’ कंपनीची ती छोटी पेटी घराघरांत पोहोचली. बटन दाबले की सूर सुरू. खुंटी फिरवायला नको, तार तुटायची भीती नको, रेल्वेच्या डब्यात जागा नको. आता तर भ्रमणध्वनीतही तंबोरा येऊन बसला आहे.

पेटीला दोष देऊन चालणार नाही. लहान गावातल्या, हलाखीतल्या कितीतरी विद्यार्थ्यांना तिने रोजच्या रियाजाचा आधार दिला. चार जिने चढून तंबोरा वर नेणे, तो सुरात ठेवणे, दमट हवेत सांभाळणे हे प्रत्येकाला जमणारे नाही. पण त्या सोयीची किंमत कुठेतरी मोजावी लागते. ज्याने कधी खुंटी फिरवून तंबोरा लावला नाही, त्याच्या कानाला सूर जुळण्याचा तो क्षण भेटत नाही. पूर्वी शिष्याचा पहिला धडा गाण्याचा नसे, तंबोरा लावण्याचा असे. आणि ज्याला तंबोरा लावता येत नाही तो मिरजेला कशाला येईल?

मिरजेच्या काळज्या एवढ्यावर थांबत नाहीत. भीमाकाठी उसाचे पैसे खात्रीचे असताना महिनोन्‌महिने शेत अडवून ठेवणारा, एका पुरात किंवा अवकाळी पावसात वाहून जाणारा भोपळा शेतकऱ्याने का लावावा? २०१९ आणि २०२१ साली कृष्णेच्या महापुराने सांगली-मिरजेच्या परिसराला तडाखा दिला. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत मैफली बंद पडल्या; मैफल नाही म्हणजे वाद्याची मागणीही नाही. आणि घरातल्या पुढच्या पिढीपुढे प्रश्न उभा राहतो : वर्षानुवर्षे शिकून हाती येणारी ही कला धरावी, की पहिल्या तारखेला पगार देणारी नोकरी?

तरी गल्ली हरलेली नाही. शिकलगारांनी एकदा तलवार ठेवून सतार उचलली होती. जुळवून घेणे त्यांच्या रक्तात आहे. विमानाने फिरणाऱ्या कलावंतांसाठी आता भोपळ्याविना, चपट्या लाकडी पेटीचे सुटसुटीत तंबोरे मिळतात. त्यात वर फळी, मागे फळी, म्हणजे घडण थेट युकुलेलेच्या वळणाची! मोठ्या तंबोऱ्याचा घुमारा त्यात पुरता येत नाही, पण खरी तार आणि खरी जवारी तरी राहते. आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापुरी चप्पल किंवा पैठणी जशी त्या त्या गावाची, तसा मिरजेचा तंबोरा आता कायद्यानेही मिरजेचा झाला. त्या वेळच्या बातम्यांनुसार गावात साडेचारशेहून अधिक कारागीर वाद्यांच्या कामात होते. मानांकनाने नकली मालाला आळा बसावा, ही अपेक्षा आहे. पण कागदाने भोपळा पिकत नाही आणि शिक्क्याने जवारी निघत नाही. त्यासाठी माणसे लागतात.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

मिरज स्थानकावर उतरून गावात रिक्षाने जाता येते. दर्गा आणि सतारमेकरांची दुकाने गावठाणातच आहेत. सकाळच्या वेळी जावे. कारागीर कामाला बसलेले असतात आणि आस्थेने विचारले तर मनापासून सांगतातही. पण हातातले काम नाजूक असते, हे लक्षात ठेवून विचारल्याशिवाय वाद्याला हात लावू नये. मुलांना बरोबर न्यावे. भोपळ्यापासून सूर कसा होतो, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा पाहण्यातच मौज आहे.

घरात कोणी गाणे शिकत असेल आणि तंबोरा घ्यायचा विचार असेल तर आपली पट्टी आधी ठरवून जावे. कारण काळी एकचा तंबोरा आणि काळी पाचचा तंबोरा यांची मापे निराळी. शक्य तर आपल्या गुरूंना सोबत न्यावे. नक्षीला भुलू नये. तबलीला चीर नाही ना, ती खचलेली नाही ना, भोपळा कुठे जोडलेला नाही ना, हे पाहावे आणि मग डोळे मिटून ऐकावे. घरी आणल्यावर उन्हात किंवा पंख्याच्या थेट झोतात ठेवू नये, पावसाळ्यात गवसणीत जपावा, बरेच दिवस वाजवायचा नसेल तर तारा थोड्या सैल कराव्यात. आणि दोन-तीन वर्षांनी जवारी काढून घ्यावी. त्या निमित्ताने पुन्हा मिरजेची फेरी होते, आणि त्या गल्लीतल्या एका हाताला काम मिळते.

बंगळूरच्या शिवाजीनगरातून रात्री निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी या गल्लीत पोहोचतो. एका गावाने सूर पेटीत भरला, दुसऱ्याने तो भोपळ्यात जपला. रियाजाला पेटी खुशाल वापरावी. पण वर्षातून एखाद्या सणाला, घरातल्या एखाद्या छोट्या मैफलीला तरी खरा तंबोरा मांडीवर घ्यावा, खुंटी पिळावी आणि भीमेकाठच्या शेतकऱ्याने वाढवलेली, मिरजेच्या कारागिराने तासलेली ती पाठ आणि ती तबली हाताखाली थरथरताना अनुभवावी. असे करणारी घरे जोवर आहेत, तोवर त्या गल्लीच्या छताला भोपळे टांगलेले राहतील.